नोटिशीच्या मागं मागं : अंबड, किनवट आणि परत

गुरुवार, संभाजीनगर ते अंबड तालुका

राजपत्र नावाचा कागद असतो हे आमच्या नानाला (मावसभाऊ, माझ्यापेक्षा बराच मोठा) या जानेवारीत पहिल्यांदा कळालं. दिल्लीत छापलेला, हिंदीत आणि इंग्रजीत, मराठीची एक ओळ नाही, त्यात तालुका, गाव, गट नंबर आणि त्यापुढं हेक्टर, आर, चौरस मीटर असे रकाने, आणि त्या रकान्यात नानाचा गट. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कुणीतरी चिकटवून गेलं, पोरांनी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि मग नानाचा मला फोन, "अरे आपल्या बागेतून गॅसची पाइपलाइन चाललीय म्हणं, तू शहरात राहतोस, बघ जरा काय भानगड हाय."

कंपनी कोणती ते लिहीत नाही, गावाचं नाव पण टाकत नाही, सुनावणी व्हायचीय अजून. गाव पैठण-अंबडच्या मधल्या पट्ट्यात आहे, मोसंबीवाल्यांना तेवढं बास.

मी एकटा जाऊन काय दिवे लावणार, म्हणून सरांना उचललं. सर म्हणजे आमच्या कॉलनीतले, मूळचे औश्याकडचे, जिल्हा परिषदेचे मास्तर. मराठवाड्यातल्या शेकडो डीएडवाल्या पोरांसारखी त्यांचीही पहिली नेमणूक कोकणात, राजापूर तालुक्यात, आणि आंतरजिल्हा बदली मिळेपर्यंत अर्धी नोकरी तिकडंच गेली. बदली झाली तरी मुलीच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड तिकडंच होतं म्हणून 2023 मध्ये बारसूचं रिफायनरीविरोधातलं सगळं त्यांनी सुट्टीत गेल्यावर डोळ्यानं पाहिलं. आडूळ मागं पडलं तसं त्यांनी सुरू केलं ते पाचोडला मोसंबी मार्केटपाशी चहाला थांबेपर्यंत बंद केलं नाही.

आधी नाणार होतं. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून 2017 मध्ये एक कंपनी काढली, वर्षाला 6 कोटी टन तेल शुद्ध करायची रिफायनरी, पुढं सौदीची अरामको पण भागीदार व्हायला तयार. आंबा-काजूवाले आणि मच्छीमार एकत्र आले, 2019 च्या लोकसभेच्या तोंडावर भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग जागा सरकली ती बारसू-सोलगावला. एप्रिल 2023 मध्ये तिथं माती परीक्षणाला गाड्या आल्या तर बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या, पोलिसांचा बंदोबस्त एवढा की सड्यावर (तिकडचं कातळाचं माळरान) गवतापेक्षा खाकी जास्त, आणि दोन-चार दिवसांत अश्रुधूर. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत, 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली. सर म्हणाले, "माझ्या वर्गातल्या पोरांच्या आया होत्या हो त्या. शाळेत मीटिंगला बोलवलं तर तोंडातून शब्द फुटायचा नाही त्यांच्या."

संध्याकाळी नानाच्या घरी पोचलो. मावशीनं येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी केली होती, आणि सोबत ठेचा असा की सर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, जे त्यांच्या बाबतीत विशेष आहे.

शुक्रवार, बाग आणि विहीर

सकाळी बागेत. पाच एकर मोसंबी, न्यूसेलर जातीची, वीस बाय वीस फुटावर लावलेली. आंबे बहाराचा ताण (फूल यावं म्हणून पाणी बंद ठेवतात तो) नुकताच तोडलेला, पहिलं पाणी दिलंय, बारीक पालवी आणि कळी दिसू लागलीय. सर्वेवाल्यांनी लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्यात त्या बागेच्या एका कोपऱ्यातून घुसतात आणि तिरक्या बाहेर पडतात, अडीचशे मीटर तरी. पट्टा वीसेक मीटर रुंद. नानानं काठीनं मोजून दाखवलं, सव्वा एकर जातोय, एकशे तीसेक झाडं. आणि पट्ट्याच्या अगदी आतल्या कडेला विहीर.

आता या कायद्याचं काय आहे ते सांगतो कारण गावात निम्म्या लोकांना वाटत होतं जमीनच जाणार आणि निम्म्यांना वाटत होतं काहीच जाणार नाही, पैसे फुकट मिळणार. 1962 चा कायदा आहे, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनीचा. जमीन घेत नाहीत, जमिनीत वापर हक्क घेतात. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. पाइप गाडून झाला की वर ज्वारी पेरा, कापूस लावा, सोयाबीन करा. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर नाही, तळं नाही, बंधारा नाही आणि झाड लावायचं नाही. मोबदला म्हणजे झाडाझुडपाचं, पिकाचं जे नुकसान होईल ते, आणि शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के. एकराला 20 लाख भाव धरला तर एकरी 2 लाख, एकदाच, आणि बंधन मात्र पाइप आहे तोवर. हरकत घ्यायला 21 दिवस.

कोरडवाहू तुरीवाल्याला हे एवढं जड जाणार नाही, खरं सांगायचं तर काही जण खुश होते. पण मोसंबीवाल्याचं सगळंच झाड आणि विहीर. 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागा जळाल्या तेव्हा नानानं टँकरनं पाणी घालून ही बाग धरली होती, टँकरचं कर्ज फेडायला पुढं किती वर्षं गेली ते तो सांगत नाही आणि मावशीसमोर विचारायचं पण नाही. विहीर त्याच्याही आधीची, बहात्तरच्या दुष्काळानंतरची. मावशी तेव्हा नवी नवरी, खडी फोडायच्या कामावर जाऊन सुकडी (दुष्काळी कामावर मिळायचं ते खाणं) खाऊन आलेली. ती विहिरीच्या थारोळ्यावर बसून म्हणली, "खालचा काळा दगड लागला तवा सुरुंग लावला, दगड उडून माझ्या टोपल्यात पडला. हे कोण इंजिनेर हाय त्याला म्हणावं ये खाली उतरून बघ." विहीर पूर्ण बांधून काढलेली, चिरे घडवलेले, एका चिऱ्यावर मावसकाकांनी खिळ्यानं नाव कोरलंय त्यात वेलांटी चुकलीय.

सरांनी तिथंच कायदा मोबाइलवर काढला. त्यात एक कलम आहे, नोटीस निघायच्या आधीपासून जिथं राहतं घर आहे, किंवा घराला लागून जागा आहे, किंवा कायमस्वरूपी बांधकाम आहे, त्याखालून लाइन नेता येत नाही, आणि एक मीटरपेक्षा कमी खोलीवर पण नाही. "घडीव विहीर हे कायमस्वरूपी बांधकाम आहे की नाही?" सर म्हणाले. हे ऐकून नानाचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा जरा सैल पडला.

दुपारी मारुतीच्या पारावर कंपनीचा माणूस आला. तरणा पोरगा, इंजिनियर, विदर्भातला असावा बोलण्यावरून, एकदम नम्र. लोक अंगावर धावून गेले तरी आवाज चढवला नाही त्यानं. त्याचं म्हणणं सरळ होतं, टँकरनं गॅस वाहण्यापेक्षा लाइन सुरक्षित, कोळसा आणि फर्नेस ऑइल जाळणाऱ्या कंपन्या गॅसवर येतील, धूर कमी होईल, शहरात घरोघरी पाइपनं गॅस. यात खोटं काहीच नाही. पण पाराखालून एक जण म्हणाला, "शहरात घरोघरी, आन आमच्या बाया?" तर त्याच्याकडं उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नाही, तो त्याच्या हातातला विषय नाही. पैठणच्या धरणाचं पाणी पाइपनं शहराला जातं आणि धरणाखालच्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो हे इथल्या लोकांनी एकदा बघितलंय, त्यामुळं पाइप म्हणलं की माणूस आधी विचारतो दुसरं टोक कुठंय.

कुणीतरी नगरमचं काढलं. आंध्रात, गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, कोनसीमेत. 27 जून 2014 ला पहाटे तिथं गेल या सरकारी कंपनीची गॅस लाइन फुटली, गॅस गावभर पसरला आणि ठिणगी पडली, वीसपेक्षा जास्त माणसं गेली. वास येतोय म्हणून लोक आधीपासून सांगत होते. इंजिनियर म्हणाला त्या लाइनीत ओला गॅस जात होता, पाइप आतून गंजला होता, आमचं तसं नाही. असेल. पण गोदावरीच म्हणल्यावर लोकांना ते लांबचं वाटलं नाही.

नानानं मग हुकमाचं पान टाकलं. "आमची लाइनीला ना नाही. शिवेवरून गायरान हाय, पन्नास एकर पडीक. तिथून न्या. समृद्धीच्या कडेकडेनं नागपूरची गॅस लाइन नेलीच ना?" सगळ्या पारानं टाळ्या वाजवल्या. इंजिनियरनं डायरीत लिहून पण घेतलं.

तेव्हा मला पण हे बरोबरच वाटलं.

गायरान बघू म्हणून संध्याकाळी मी आणि सर चालत गेलो. पडीक कुठलं. भिल्लांची वस्ती आहे, पंधरा-वीस खोपटी, काही पत्र्याची काही कुडाची, दोन हातपंप, आजूबाजूला तुकड्यातुकड्यानं तूर उभी. पण माणसं नाहीत. म्हातारी-कोतारी आणि चिल्लीपिल्ली, बाकी सगळे ऊसतोडीला, कुणी सांगलीकडं कुणी कर्नाटकात. एक पोरगा भेटला विशीतला, पायाला कोयता लागून टाके पडले म्हणून परत आलेला. त्याला विचारलं नोटीस माहितीय का, तर म्हणाला, "आमचं कशाला नाव असंल त्याच्यात. आमचा सातबारा नाही."

शनिवार, नांदेडमार्गे किनवट

किनवटला जायचं ठरलं कारण सरांचा डीएडचा मित्र तिकडं असतो, गोंड आहे, आश्रमशाळेत शिकवतो आणि शाळा सुटल्यावर ग्रामसभांचे कागद करतो. हरकत कशी लिहायची ते त्याला विचारू असं सरांचं म्हणणं. नाना पण गाडीत बसला, मी म्हणलं बागेचं पाणी, तर म्हणाला लाइट रात्रीचीच हाय, पोरगा बघंल.

घनसावंगी, पाथरी, परभणी करत नांदेडला दुपार झाली. गुरुद्वाऱ्यात लंगर घेतलं. पुढं भोकर, हिमायतनगर, आणि इस्लापूरपासून जमिनीचा रंग आणि झाडं दोन्ही बदलतात, कापसाच्या पऱ्हाट्या संपून साग सुरू होतो. सहस्रकुंडला पाचच मिनिटं थांबलो, जानेवारीत पैनगंगेला पाणी बेताचंच, आणि नानाला धबधब्यात काडीचा रस नव्हता, तो तिथल्या चहावाल्याला विचारत होता की इकडं मोसंबी का करत नाहीत.

किनवटला अंधार पडता पडता. मित्र फाटकात उभा, हात जोडून "जय सेवा". घरी गेलो तर त्याच्या बायकोनं हुरडा भाजून ठेवलेला, शेंगदाणा चटणी, गूळ, आणि आम्ही बसलो ते उठलोच नाही.

आता त्या रात्री जे बोलणं झालं त्यासाठीच खरं हे सगळं लिहायला घेतलं. नानानं अख्खी हकीकत सांगितली, आणि शेवटी अभिमानानं म्हणला की आम्ही त्यांना मार्ग पण सुचवलाय, गायरानातून. दादा (सरांच्या मित्राला मी दादाच म्हणायला लागलो) ऐकून घेत होता, मग विचारलं, "गायरानात कोण राहतं?"

"भिल्ल हायेत थोडे."

दादानं लगेच काही म्हणलं नाही. त्यानं अमेरिकेतली गोष्ट सांगितली. डकोटा ॲक्सेस नावाची तेलाची लाइन, 1,886 किलोमीटर, उत्तर डकोटातून इलिनॉयपर्यंत. ती मिसुरी नदी कुठं ओलांडणार याचे पर्याय काढले त्यात एक पर्याय बिस्मार्क शहराच्या वरच्या अंगानं होता. तो सोडला. सोडायची जी कारणं दिली त्यात एक हे होतं की शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी जवळ येतात. मग लाइन खाली सरकली ती स्टँडिंग रॉकच्या सू आदिवासींच्या राखीव क्षेत्राच्या जस्ट वर, ज्या तलावाचं पाणी ते पितात त्याच्या खालून. 2016 मध्ये हजारो माणसं तिथं तंबू ठोकून बसली, दुसऱ्या जमातींची पण आली, बर्फात पाण्याचे फवारे मारले त्यांच्यावर. फेब्रुवारी 2017 मध्ये छावणी उठवली आणि जूनमध्ये तेल सुरू.

"शहरवाले म्हणाले आमच्या पाण्याखालून नको," दादा म्हणाला, "ते चूक नव्हते. पण लाइन कुठंतरी जाणारच असते ना भाऊ."

नाना हुरड्याचे दाणे तळहातावर चोळत बसला, भूस फुंकायचं विसरून.

मग दादानंच विषय हलका केला, जिंकलेल्या गोष्टी पण सांगितल्या. इक्वाडोरमध्ये 2023 च्या ऑगस्टला देशभर मतदान घेतलं, यासुनीच्या जंगलाखालचं तेल काढायचं की राहू द्यायचं, आणि 59 टक्के लोकांनी राहू द्या म्हणून सांगितलं. त्याआधी 2019 मध्ये तिथल्याच वाओरानी लोकांनी कोर्टात केस जिंकली, कारण सरकारनं सल्लामसलत केली म्हणून जे दाखवलं ती नीट केलेली सल्लामसलतच नव्हती असं कोर्टानं धरलं. हे सगळं तो कसं सांगतो तर जणू पलीकडच्या पाड्यावरची सोयरीक सांगतोय. सर म्हणाले तुला हे कुठून माहिती, तर म्हणाला नववीच्या पोरांना भूगोलात हेच शिकवतो, पुस्तकात नसलं तरी.

रविवार, ठरावाची वही

सकाळी दादाबरोबर एका गावात. नाव नाही लिहीत. किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात म्हणजे पेसा लागू, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा कायदा. इथं तेल-गॅसचं काही नाही, इथली लढाई निम्न पैनगंगा धरणाची. 1997 ला प्रकल्पाला मान्यता मिळाली, तेव्हापासून नांदेड आणि यवतमाळ दोन्ही काठांवर विरोध, आंदोलनवाले 95 गावं बाधित सांगतात. एक पिढी विरोध करत म्हातारी झाली आणि पुढची पिढी त्यातच जन्मली.

समाजमंदिरात ग्रामसभेची वही बघितली. लांबट हिशोबाची वही, निळी रेघ, ठराव क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक, आणि खाली सह्या. सह्यांपेक्षा अंगठे जास्त, जांभळ्या शाईचे, आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी कुणीतरी बारीक अक्षरात नाव लिहिलेलं, बाईचं असेल तर नवऱ्याचं नाही तर तिचं स्वतःचं. जुन्या वह्या पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून. नानानं एक वही उघडून बराच वेळ चाळली. नंतर बाहेर येऊन मला म्हणला, "आपल्याकडं ग्रामसभा म्हणजे पंधरा ऑगस्टला जिलेबी."

दादानं कायद्याच्या गाठी सोडवून सांगितल्या आणि त्यातल्या दोन मला पण माहिती नव्हत्या. एक म्हणजे 2013 चा जो भूसंपादन कायदा, ज्यात अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमती वगैरे आहे, त्याच्या चौथ्या परिशिष्टात 13 कायदे वेगळे काढून ठेवलेत आणि पाइपलाइनीचा 1962 चा कायदा त्यातलाच. 2015 मध्ये मोबदल्याच्या तरतुदी त्या 13 कायद्यांना पण लावल्या, पण संमतीचं तसं नाही. दुसरी गोष्ट वनजमिनीची. ओडिशात नियमगिरीला 2013 मध्ये 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हणलं आणि ते टिकलं, सगळ्यांना माहितीय. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं परिपत्रक काढलं की रस्ता, कालवा, पाइपलाइन असलं लांबत जाणारं काम असेल तर वनजमिनीसाठी ग्रामसभेच्या संमतीची गरज नाही. अपवाद फक्त ज्यांना अतिअसुरक्षित आदिम जमाती म्हणतात त्यांच्या हक्काला धक्का लागत असेल तर. महाराष्ट्रात कातकरी, माडिया आणि कोलाम.

"म्हणजे आमच्या गावातून पाइप न्यायचा तर विचारायची गरज नाही," दादा म्हणाला, "आणि पलीकडं टेकडीवर कोलाम पोड (वस्ती) आहे तिथून न्यायचा तर विचारावं लागंल. नदी एक, जंगल एक."

मला स्वतःला हे परिपत्रक फार वाईट वाटलं. खाण एका जागी असते, तिच्याभोवती दहा-बारा गावं जमतात आणि एकत्र नाही म्हणू शकतात. लाइन शंभर गावांतून जाते आणि प्रत्येक गावाला, खरं तर प्रत्येक गटाला, एकेकटं गाठते. लांबत जाणारं आहे म्हणून तर जास्त विचारायला पाहिजे होतं.

दुपारी दादानं मसुदा करून दिला. आधी विहिरीचा आणि कायमस्वरूपी बांधकामाचा मुद्दा, मग झाडांचा. मार्गाचं काय लिहायचं तिथं पेन थांबला आणि दादानं नानाकडं बघितलं. नाना म्हणला, "गायरान काढा. रस्त्याच्या कडेनं लिहा. जिल्हा रस्त्याची हद्द रुंद हाय, मोजून घ्या म्हणावं, आमच्यासमोर." जरा थांबून, "आन त्या वस्तीवाल्यांची हरकत पण घालायची. सातबारा नसला तर घालता येती का?"

येते. कायद्यात जमिनीत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती असं आहे, मालकच पाहिजे असं नाही. पुरावा म्हणून गाव नमुना 1-ई, म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही. त्यात नाव असलं म्हणजे सरकारच सांगतंय की हा माणूस इथं कसतोय. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून गायरानाची ही लढाई चालू आहे, 14 एप्रिल 1990 च्या आधीची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय 1991 ला निघाला, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडं त्याच्याही आधीच्या दंडाच्या पावत्या असू शकतात असं दादा म्हणाला. त्या काळी दंड भरला तोच आता पुरावा.

सोमवार, किल्लारीवरून

सरांना आईला भेटायचं होतं म्हणून लातूरमार्गे. दिवसभर गाडी चालवली, सांगण्यासारखं कमी. औश्याच्या पुढं किल्लारीला चहा घेतला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर इथं शास्त्रज्ञांनी 617 मीटर खोल बोअर मारून बघितलं, 338 मीटरला काळा दगड संपला आणि त्याखाली थोडासा थर सोडला तर थेट जुनाट पायाचा खडक. अशा लाव्हाच्या थराखाली कुठं तेल-गॅस धरणारे जुने गाळाचे थर दडलेत का ते दख्खनमध्ये शोधतात, 2016 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय भूकंपमापन सर्वेक्षणात न तपासलेली खोरी घेतली त्यात दख्खनचा भाग पण होता. त्यात जमिनीत छोटे स्फोट करून खालून परत येणाऱ्या लहरी मोजतात. हॉटेलवाल्याला सरांनी हे सांगितलं तर तो कढई सोडून बाहेर आला. "इथं नको बाबा. इथं कुणी दार जोरात आपटलं तरी म्हाताऱ्या अंगणात पळतेत." नाना म्हणला तुमच्याकडं निघालंच तेल तर? तो म्हणला आधी आम्हाला विचारा, मग खाली बघा.

मंगळवार, तलाठी सज्जा आणि शहरातलं कार्यालय

सकाळी तलाठी भाऊसाहेबांनी 1-ई ची नक्कल द्यायला दोन तास लावले, आधी म्हणले रजिस्टर तहसीलला गेलंय, मग कपाटावरच सापडलं. वस्तीतली अकरा नावं निघाली, काही बापाच्या नावानं. एका आजीनं दंडाच्या पावत्या आणल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खोपटाच्या आढ्यात खोचलेली, पावत्या धुरानं तपकिरी झालेल्या पण शिक्का वाचता येतोय. अंगठे घेतले. जे फडावर आहेत त्यांना पोरानं फोन लावले, एकाच्या मागं मोळ्या टाकायचा आवाज, तो ओरडून विचारत होता पैसे मिळणारेत का काय, आणि पोरगा ओरडून सांगत होता पैसे नाही, जागा, जागा.

एकवीस दिवस कधीपासून मोजायचे यावर पण घोळ होता. नोटिशीत लिहिलंय राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्या त्या तारखेपासून, आणि उपलब्ध कधी झाल्या म्हणजे भिंतीला चिकटवल्या ती तारीख का दुसरी ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. रिस्क नको म्हणून त्याच दिवशी निघालो, मी, सर, नाना, गावातले आणखी सहा-सात आणि वस्तीतला तो पोरगा, लंगडत.

कार्यालय शहरात, एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. कारकुनानं सातबारावाल्यांचे अर्ज पटापट घेतले, दुय्यम प्रतीवर गोल शिक्का, सही, तारीख. पोराचा अर्ज उलटून बघितला. "सातबारा कुठंय?" सर पुढं झाले आणि कायद्याच्या कलमावर बोट ठेवून उभे राहिले, मास्तर उभा राहतो तसे, बोट न हलवता. कारकून आत साहेबांकडं जाऊन आला. शिक्का मारला.

सुनावणीची तारीख टपालानं कळवू म्हणाले. गावातले लोक जिना उतरायला लागले, पोरगा तिथंच. म्हणाला, "साहेब, तारीख पट्टा पडल्यावर द्या." कारकुनाला कळालं नाही. नानानं सांगितलं, कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय यांची माणसं येत नाहीत, मार्च एप्रिल होईल, उचल घेतलीय, मुकादम सोडत नाही, आणि सुनावणीला माणूस हजर नसला तर तुम्ही एकतर्फी निकाल लावाल.

"हे तोंडी सांगून काय होतंय," कारकून म्हणाला, "लिहून द्या."

बाहेरच्या बाकावर बसून लिहून दिलं. मजकूर सरांनी सांगितला, अक्षर माझं, सही पोराची, आणि साक्षीदार म्हणून नानानं खाली स्वतःचा गट नंबर घालून सही केली. त्याची पण पोच घेतली.